इअरफोन घेताना कानाचा हिशेब

सकाळच्या गर्दीची जलद लोकल कल्याणहून सुटते, तेव्हा दाराशी उभ्या असलेल्या तरुणाच्या फोनवरचा आवाज निम्म्यावर असतो. गाडी वेग घेते, रुळांचा खडखडाट वाढतो, पंखे, घोषणा आणि शेजारच्यांच्या गप्पांची त्यात भर पडते, आणि त्याचे बोट आपोआप आवाजाच्या बटणाकडे जाते. ठाणे येईपर्यंत पट्टी शेवटाला टेकलेली असते. तासाभराने हाच तरुण कार्यालयाच्या लिफ्टमध्ये शिरतो, थांबवलेले गाणे पुन्हा सुरू करतो आणि दचकून इअरफोन काढतो. आवाज तेवढाच होता. गाडीत तो मोठा वाटला नव्हता, इतकेच.

मुंबईच्या लोकलमध्ये, पुण्याच्या पीएमपीत, एसटीच्या खिडकीजवळ हा प्रसंग रोज घडतो. तरीही ‘इअरफोनमुळे कान जातात का’ या चर्चेत त्याचा उल्लेख क्वचितच होतो. चर्चा बहुधा ‘आजच्या मुलांच्या सवयीच वाईट’ या वाक्यापाशी संपते. प्रत्यक्षात माणूस किती मोठ्याने ऐकतो, हे त्याच्या आवडीइतकेच भोवतीच्या गोंगाटावर आणि कानातले साधन नीट बसते की नाही, यावर ठरते. म्हणून इअरफोन किंवा हेडफोनची खरेदी ही रंग, किंमत आणि जाहिरातीतील चेहरा पाहून करण्याची गोष्ट राहिलेली नाही. चष्म्याचा नंबर काढताना जेवढी काळजी घेतली जाते, तेवढी इथेही घ्यायला हवी.

बातम्यांतून निर्माण झालेला गोंधळ

अलीकडे हा विषय निदान दोनदा ठळकपणे बातम्यांत आला. जून २०२४ मध्ये पार्श्वगायिका अलका याज्ञिक यांनी आपल्याला अचानक ऐकू येईनासे झाल्याचे समाजमाध्यमावर जाहीर केले. विषाणुसंसर्गानंतर श्रवणाच्या नसेला इजा झाल्याचे निदान डॉक्टरांनी केल्याचे त्यांनी लिहिले आणि त्याच निवेदनात मोठ्या आवाजातील संगीत व हेडफोन यांबाबत सावध राहण्याचा सल्लाही दिला. दोन्ही वाक्ये एकत्र वाचली की ‘हेडफोनमुळे एका रात्रीत बहिरेपण येते’ असा समज होणे सोपे आहे. पण हे दोन आजार वेगळे आहेत.

काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत अचानक ऐकू येईनासे होणे, बहुधा एकाच कानात, ही तातडीची अवस्था आहे. ‘मळ असेल, दोन दिवसांनी बघू’ म्हणत थांबण्यात उपचाराची मोलाची वेळ जाते. स्टेरॉइडचे उपचार जितक्या लवकर सुरू होतील, तितकी सुधारण्याची शक्यता जास्त असते. म्हणून त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठावा. मोठ्या आवाजाने होणारी हानी मात्र बहुधा दोन्ही कानांत, हळूहळू, वर्षानुवर्षे होते. ती दुखत नाही. त्यामुळेच ती उशिरा कळते.

दुसरी बातमी फेब्रुवारी २०२५ मधली. केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने राज्यांना आणि वैद्यकीय महाविद्यालयांना पत्र पाठवून इअरफोन-हेडफोनच्या अतिवापराने येणाऱ्या, बरे न होणाऱ्या बहिरेपणाविषयी जागृती करण्यास सांगितले. आवाज ५० डेसिबलच्या वर नको आणि वापर दिवसाला दोन तासांपेक्षा जास्त नको, मध्ये विश्रांती हवी, असा सल्ला त्यात होता. हेतू योग्यच आहे. पण सामान्य माणसाच्या फोनवर डेसिबलचा आकडा सहसा दिसत नाही. शिवाय चालत्या लोकलमधला गोंगाट सहज ८० डेसिबलच्या पुढे जातो. तिथे ५० डेसिबलचे गाणे ऐकूच येणार नाही. मग ऐकणारा एक तर ऐकणे सोडतो किंवा सल्ला सोडतो. बहुतेक जण सल्ला सोडतात.

डेसिबलचे खाते

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी वैयक्तिक ऐकण्याच्या साधनांसाठी मिळून केलेले मानक हा हिशेब जरा वेगळा मांडते. प्रौढ व्यक्तीने ८० डेसिबलने ऐकले, तर आठवड्याला ४० तासांपर्यंत कान ते सहन करू शकतात. मुलांसाठी हीच मर्यादा ७५ डेसिबलची आहे. दर ३ डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते, म्हणून सुरक्षित वेळ निम्मा होतो. ८३ डेसिबलला २० तास, ८६ ला १० तास, ८९ ला ५ तास. ९० डेसिबलला जेमतेम ४ तास उरतात आणि १०० डेसिबलला सारा आठवडा मिळून वीस-पंचवीस मिनिटे.

आता लोकलमधल्या त्या तरुणाचे खाते मांडून पाहू. जाता-येता मिळून रोजचा प्रवास दोन तासांचा. गाण्याचा आवाज ९० डेसिबलवर असेल, तर त्याच्या कानांचा आठवड्याचा वाटा मंगळवारी संध्याकाळी संपतो. बुधवारपासून पुढचे सारे ऐकणे उधारीवर. त्यातच भाद्रपदात विसर्जन मिरवणुकीतल्या डीजेच्या भिंतीसमोर तासभर नाच झाला, तर कित्येक आठवड्यांचा वाटा एका संध्याकाळी खर्च होतो. कानाला डीजेचा आवाज आणि इअरफोनचा आवाज वेगळा कळत नाही. दोन्ही एकाच खात्यात जमा होतात.

हे खाते बुडण्यापासून वाचवायचे, तर आधी बाहेरचा गोंगाट कमी करावा लागतो. कानाच्या नळीत घट्ट बसलेली टिप बाहेरचा आवाज १५ ते २५ डेसिबलने अडवू शकते. ८० डेसिबलचा गोंगाट ६० वर आला, तर ६५-७० डेसिबलचे गाणे स्वच्छ ऐकू येते. म्हणजे तीच गाडी, तेच गाणे, पण कानावर पडणारी ऊर्जा ९० डेसिबलच्या तुलनेत शंभराव्या हिश्श्यावर येते. कोणतीही शिस्त न शिकवता हा फरक पडतो. आवाज कमी ठेवण्याचा उपदेश जिथे टिकत नाही, तिथे नीट बसणारे साधन काम करते.

न उगवणारे पीक

आतल्या कानातील गोगलगाईच्या आकाराच्या शंखात सुमारे १५ हजार सूक्ष्म केसपेशी असतात. ध्वनीच्या कंपनांचे विजेच्या संदेशात रूपांतर करण्याचे काम त्या करतात. अतिश्रमाने त्या थकतात. मिरवणुकीनंतर रात्री कानात शीळ वाजते, आवाज कापसातून आल्यासारखा वाटतो, तो हा थकवा. विश्रांती मिळाली, तर बऱ्याचशा पेशी सावरतात. पण पुन्हा पुन्हा ताण पडला की मरतात, आणि माणसात त्या पुन्हा तयार होत नाहीत.

सुरुवातीला उंच पट्टीचे, विशेषतः ४ हजार हर्ट्झच्या आसपासचे आवाज जातात. स, श, च, फ यांसारखी व्यंजने पुसट होतात. ‘सात’ म्हटले की ‘हात’, असा घोळ होऊ लागतो. माणसाला आवाज ऐकू येतो, शब्द कळत नाहीत. घरात सारे ठीक वाटते, पण लग्नाच्या पंगतीत किंवा बैठकीत समोरच्याला ‘काय म्हणालात?’ असे वारंवार विचारावे लागते. २००९ मध्ये उंदरांवर झालेल्या एका गाजलेल्या प्रयोगात दिसले, की आवाजाच्या माऱ्यानंतर तपासणीत ऐकणे पूर्ववत आले, तरी केसपेशी आणि नस यांना जोडणारे अनेक दुवे कायमचे तुटलेले होते. त्यामुळे ‘सकाळी कान मोकळे झाले, म्हणजे काही झाले नाही’ या समाधानावर फार विसंबून चालत नाही.

कोणते साधन कशासाठी

कानाच्या खोबणीत नुसते टेकणारे, रबर नसलेले कडक बड्स बाहेरचा आवाज फारसा अडवत नाहीत. घरात, शांत कार्यालयात किंवा फोनवर बोलण्यासाठी ते ठीक. रेल्वे, बस किंवा विमानात त्यांच्यावर आवाज वाढवण्याची पाळी येतेच.

सिलिकॉनची टिप असलेले, नळीच्या तोंडाशी बसणारे इअरफोन प्रवासासाठी अधिक योग्य. खोक्यात बहुधा लहान, मध्यम आणि मोठी अशा तीन मापांच्या टिप येतात. बहुतेक लोक मध्यम टिपच वापरतात आणि उरलेल्या जोड्या खोक्यासकट टाकून देतात. इथेच पहिली चूक होते. दोन कानांच्या नळ्या सारख्याच असतात असे नाही. एकाला मध्यम आणि दुसऱ्याला मोठी टिप लागू शकते. परीक्षा सोपी आहे. गाणे न लावता दोन्ही बाजू कानात बसवाव्यात आणि पंख्याखाली उभे राहावे. पंख्याचा आवाज स्पष्ट मंद झाला आणि स्वतःचे बोलणे हंड्यात तोंड घालून बोलल्यासारखे घुमले, तर टिप बसली. गाण्यातला तबल्याचा डग्गा पोकळ वाटत असेल, तर कुठेतरी फट आहे. फोमची टिप दाबून बसवली की नळीत फुगते आणि जास्त आवाज अडवते, पण ती लवकर मळते व बदलावी लागते.

संपूर्ण कान झाकणारे हेडफोन बैठ्या कामासाठी, अभ्यासासाठी आणि कानाची नळी नाजूक असणाऱ्यांसाठी बरे. मात्र चष्म्याची दांडी गादीखालून गेली की तिथे फट पडते, म्हणून चष्मा लावूनच ते घालून पाहावेत. कानाच्या पाळीवर दाबून बसणारे छोटे हेडफोन अर्ध्या तासात दुखू लागतात आणि आवाजही कमी अडवतात.

गोंगाट कमी करणारे, म्हणजे नॉइज कॅन्सलिंग तंत्र आता दीड-दोन हजार रुपयांच्या इअरफोनमध्येही मिळते. १९७८ मध्ये विमानप्रवासात इंजिनाच्या घरघरीने वैतागलेल्या भारतीय वंशाच्या अमर बोस यांनी या हेडफोनच्या कल्पनेवर काम सुरू केले. बाहेरचा आवाज मायक्रोफोनने टिपून त्याच्या नेमका उलट आवाज कानात सोडायचा, असे हे तत्त्व. इंजिन, पंखा, एसी यांच्या खालच्या, सलग घरघरीवर ते चांगले चालते. हॉर्न, बोलणे, मुलाचे रडणे यांवर फार नाही. शिवाय टिप सैल असेल, तर हे तंत्रही निरुपयोगी ठरते. म्हणून आधी माप, मग तंत्र. आणि रस्ता ओलांडताना, दुचाकीवर किंवा रुळांजवळ हे तंत्रच काय, इअरफोनच कानात नको. जे यंत्र गाडीचा आवाज कानापर्यंत पोहोचू देत नाही, ते गाडीला थांबवत नाही.

गालाच्या वरच्या हाडावरून कंपने पोहोचवणारी साधने कानाची नळी मोकळी ठेवतात. कान वाहणाऱ्यांना आणि बागेत फिरणाऱ्यांना ती सोयीची. पण ही कंपने शेवटी त्याच शंखात, त्याच केसपेशींवर पोहोचतात. ‘पडद्याला धक्का नाही, म्हणून धोका नाही’ हा विक्रेत्याचा युक्तिवाद चुकीचा आहे.

आराम आणि पावसाळा

टोचणारा इअरफोन माणूस नकळत सैल करतो. सैल झाला की बाहेरचा आवाज आत येतो, आणि मग बोट बटणाकडे जाते. त्यामुळे आरामदायी असणे ही चैनीची बाब नाही. दुकानात शक्य असेल, तर वीस-तीस मिनिटे घालून पाहावे. नळीत ठणका, पाळीच्या कूर्चेवर दाब किंवा जबडा हलवताच बड निसटणे यांपैकी काहीही झाले, तर ते साधन आपल्या कानासाठी नाही, मग त्याचे कितीही कौतुक झालेले असो. हेडफोनचे वजन अडीचशे ग्रॅमच्या आसपास असेल, तर तासभर मान अवघडत नाही. झोपताना कानात काहीच ठेवू नये. कुशीवर वळले की दाब पडतो आणि आवाजावर लक्ष राहत नाही.

कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर या काळात कानाची आणखी एक तक्रार वाढते, ती म्हणजे बुरशी. नळीची त्वचा आणि मळ मिळून कान स्वतःला साफ ठेवत असतात. मळ हळूहळू बाहेर सरकतो. तासन्‌तास बूच बसले, की हे काम थांबते, घाम आत राहतो आणि दमट नळीत बुरशी वाढते. कान खाजतो, दडे बसतात, काळसर किंवा पांढरा थर दिसतो. त्यावर घरगुती तेल आणि काडीचा प्रयोग झाला, की दुखणे दुप्पट होते. अंघोळीनंतर किंवा पावसात भिजल्यावर कान कोरडे झाल्याशिवाय इअरफोन घालू नये. तासाला पाच-दहा मिनिटे ते काढून ठेवावेत. टिप आठवड्यातून एकदा साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवाव्यात. मित्राबरोबर एकेक बड वाटून घेण्याची कॉलेजातली रीत प्रेमाची असली, तरी कानाच्या हिताची नाही. पडद्याला छिद्र असलेल्यांनी किंवा कान वाहत असलेल्यांनी नळीत जाणारे इअरफोन डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नयेत.

टिकाऊपणाचा कानाशी संबंध

एक बाजू मंद झालेला इअरफोन फेकून न देता पुष्कळ जण दुसरी बाजू मोठ्याने ऐकतात. फाटलेली गादी, हरवलेली टिप, सैल झालेली पट्टी, या सगळ्याचे पर्यवसान वाढलेल्या आवाजात होते. म्हणून साधन टिकणे हेही कानाच्या हिताचे.

वायरचा इअरफोन सहसा दोन ठिकाणी तुटतो: पिनच्या मुळाशी आणि दोन फाटे फुटतात तिथे. तिथे जाड, लवचिक रबर आहे का, ते पाहावे. पिन ‘एल’ आकाराची असेल, तर खिशात कमी वाकते. अशी तुटलेली वायर पुण्यातल्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर थोडक्या पैशांत जोडून मिळू शकते. बिनवायरी बड्सची गोष्ट वेगळी. त्यातली चिमुकली लिथियम बॅटरी दोन-तीन वर्षांत दमते आणि बहुतेक बड्समध्ये ती बदलता येत नाही. हेडफोन घेताना त्याच्या गाद्या सुट्या मिळतात का, हे आधीच विचारावे. कृत्रिम कातड्याची गादी दमट हवेत वर्ष-दोन वर्षांत सोलू लागते. घाम आणि पावसाचे शिंतोडे यांसाठी खोक्यावर निदान आयपीएक्स४ अशी खूण असावी. त्यातल्या ‘एक्स’चा अर्थ धुळीची चाचणी झालेली नाही, एवढाच.

इथे धोरणाचा एक मुद्दा येतो. वायरलेस हेडफोन आणि इअरफोनना भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे. पण ही नोंदणी मुख्यतः विजेच्या आणि आगीच्या धोक्यापासूनची सुरक्षितता पाहते. कानाला किती आवाज मिळतो, याची हमी त्या शिक्क्यात नाही. युरोपात २०१३ पासून संगीत ऐकण्याच्या साधनांवर मूळ आवाज ८५ डेसिबलच्या पातळीवर आणि त्यापुढे इशारा देऊन कमाल १०० डेसिबल, अशी मर्यादा आहे. जागतिक आरोग्य संघटनेचे मानक ऐच्छिक आहे. कोणत्याही देशाने ते कायद्यात आणेपर्यंत उत्पादकाच्या मर्जीवर राहते. जागृतीची पत्रे पाठवणे आवश्यक आहे, पण खोक्यावर कमाल डेसिबल छापणे उत्पादकांना बंधनकारक केले, तर ग्राहकाला दुकानातच तुलना करता येईल. मुलांसाठीच्या हेडफोनबाबत तर हे आधी व्हायला हवे. ‘मुलांसाठी सुरक्षित’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक हेडफोनवर ८५ डेसिबलची मर्यादा छापलेली असते, आणि मुलांसाठीचे मानक ७५ चे आहे.

तोवर फोनमधली सोय वापरावी. अनेक फोनच्या सेटिंगमध्ये हेडफोनचा कमाल आवाज बांधून ठेवता येतो. काही फोन आठवड्याचा ध्वनीचा हिशेबही दाखवतात. मुलांच्या फोनवर ही मर्यादा पालकांनी लावून द्यावी. ‘६० टक्के आवाज, ६० मिनिटे’ हा प्रचलित नियम लक्षात ठेवायला सोपा आहे, पण एका फोनचे ६० टक्के म्हणजे दुसऱ्याचे ६० टक्के नव्हेत. त्यापेक्षा लिफ्टची परीक्षा भरवशाची: गर्दीत ठेवलेला आवाज न बदलता शांत खोलीत तेच गाणे लावावे. ते ओरडल्यासारखे वाटले, तर प्रवासात कान मार खात आहेत आणि टिप किंवा साधन बदलण्याची वेळ आली आहे.

कानात सतत शीळ वाजणे, गर्दीत बोलणे न कळणे, घरच्यांनी टीव्हीचा आवाज कमी करायला वारंवार सांगणे, यांपैकी काहीही दिसले, तर ऑडिओमेट्री करून घ्यावी. राष्ट्रीय बहिरेपणा प्रतिबंध व नियंत्रण कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयांच्या पातळीवर कान तपासणीची सोय उभी करण्यात आली आहे, आणि मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत श्रवणाच्या तपासण्या होतात. तपासणी दुखत नाही आणि अर्ध्या तासात होते. रोज दोन तासांहून अधिक इअरफोन वापरणाऱ्याने ती एकदा करून आलेख जपून ठेवावा. पुढे कधी शंका आली, तर आजचा आलेखच तुलनेला उपयोगी पडेल.